बोस्टनचा बर्फ हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात

१२ मे १८३३ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे शिडाचे जहाज कोलकात्याला निघाले. त्याच्या पोटात १८० टन बर्फ भरला होता. अटलांटिक महासागरातून दक्षिणेला उतरायचे, विषुववृत्त ओलांडायचे, केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा, हिंदी महासागरातून वर येताना विषुववृत्त दुसऱ्यांदा ओलांडायचे आणि ऐन पावसाळी दमटपणात बंगालच्या उपसागरात शिरायचे, अशी ती वाट. सुएझचा कालवा व्हायला अजून छत्तीस वर्षे होती. जहाजावर थंडावा राखणारे कसलेही यंत्र नव्हते, कारण तसे चालते यंत्र जगात कुठेच नव्हते. सप्टेंबरमध्ये जहाज गंगेच्या मुखाशी आल्याची बातमी कोलकात्यात पोहोचली, तेव्हा पुष्कळांना ती कोणीतरी केलेली थट्टा वाटली. जहाज आले तेव्हा त्यात १०० टन बर्फ शिल्लक होता.

हा आकडा वाचून नुसते नवल करण्यापेक्षा त्याचा हिशेब मांडून पाहावा. चार महिन्यांत ८० टन बर्फ वितळला. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी व्हायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. या दोन आकड्यांचा गुणाकार करून चार महिन्यांच्या सेकंदांनी भागले, तर जहाजाच्या पोटात सरासरी अडीच किलोवॅटच्या आसपास उष्णता शिरत होती असे निघते. आपल्या न्हाणीघरातला एक गीझर चालू असताना एवढीच, किंवा हिच्याहून थोडीशीच कमी, उष्णता देतो. भर समुद्रात, उष्ण कटिबंधातून जाणाऱ्या अख्ख्या जहाजात एका गीझरएवढी उष्णता शिरू द्यायची आणि तीही बर्फाने निमूट पचवायची, ही त्या व्यापाराची सगळी किमया. त्यातला पहिला भाग माणसाच्या अकलेचा, दुसरा पाण्याच्या स्वभावाचा.

स्वभावाचे माप आधी काढले गेले. ‘टस्कनी’च्या सत्तरएक वर्षे आधी ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक नावाचे प्राध्यापक शिकवत होते. पेशाने वैद्य, पण रसायनशास्त्रात रमलेले. त्या काळी विद्वानांची समजूत अशी होती की, बर्फ वितळण्याच्या तापमानाला आला की उरलेले काम जरा उष्णता मिळताच होऊन जाते. ब्लॅक यांना ते पटेना. स्कॉटलंडच्या डोंगरांवर हिवाळ्यात साचलेला बर्फ वसंतातले उबदार दिवस सुरू झाल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकतो, हे ते पाहत होते. ही समजूत खरी असती तर पहिल्याच उबदार दिवशी डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खाली धावला असता, नद्यांना प्रलयासारखे पूर आले असते आणि खोऱ्यातली गावे वाहून गेली असती. तसे होत नाही. बर्फ मुकाट्याने उष्णता पीत राहतो आणि हळूहळू जातो. हे साऱ्या जगाला दिसत होते. ते मोजायला हवे, असे ब्लॅक यांना वाटले.

१७६१ च्या सुमाराचा त्यांचा प्रयोग इतका सोपा आहे की तो आजही शाळेत करता येईल. पातळ काचेची दोन सारखी गोल भांडी घेतली. दोन्हींत सारखेच, पाच-पाच औंस पाणी. एकातले पाणी गोठवून बर्फ केला. दुसऱ्यातले पाणी गोठण्याच्या काठापर्यंत, ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केले, पण गोठू दिले नाही. मग दोन्ही भांडी एका मोठ्या रिकाम्या दालनात एकमेकांपासून थोड्या अंतरावर टांगून ठेवली. दालनातली हवा ४७ अंशांवर स्थिर होती. पाण्याचे भांडे अर्ध्या तासात ४० अंशांवर आले, म्हणजे सात अंश चढले. बर्फाचे भांडे त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले.

हवा तीच, भांडे तसेच, फरक फक्त एकात पाणी आणि दुसऱ्यात बर्फ एवढाच. साडेदहा तास म्हणजे एकवीस अर्धे तास. दर अर्ध्या तासाला सात अंशांची उष्णता येत होती असे धरले तर एकूण १४७ अंशांची उष्णता बर्फात शिरली. त्यातले आठ अंश वितळलेले पाणी ३२ वरून ४० वर यायला खर्च झाले, ते तापमापकावर दिसले. उरलेले १३९ गेले कुठे? तापमापकाला त्यांचा पत्ताही लागला नव्हता. ती सगळी उष्णता घनाचे द्रव करण्यात खर्ची पडली होती. आजच्या अचूक उपकरणांनी हा आकडा १४४ येतो. काचेची दोन भांडी, एक तापमापक आणि एक घड्याळ यांच्या बळावर माणूस खऱ्याच्या एवढ्या जवळ पोहोचला, हे मला आजही फार मोठे वाटते. शाळेच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ म्हणून जी दोन पाने असतात, ती या साडेदहा तासांतून आलेली आहेत.

ब्लॅक यांनी हे वर्गात शिकवले, ग्लासगोच्या विद्वानांपुढे १७६२ मध्ये वाचले, पण पुस्तक म्हणून छापले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये, जॉन रॉबिसन यांनी त्यांची व्याख्याने प्रसिद्ध केली. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा जेम्स वॅट नावाचा तरुण होता. पाण्याची वाफ होताना आणि वाफेचे पाणी होताना याहून कितीतरी मोठी उष्णता देवघेवीत येते, हे त्याला इंजिनाशी झगडताना दिसले आणि ब्लॅक यांच्याकडून त्याचे कारण कळले. वाफेच्या इंजिनाची ती कथा सर्वांना ठाऊक आहे. इथे आपल्याला वितळणाऱ्या बर्फामागे जायचे आहे.

फ्रेडरिक ट्यूडर हा बोस्टनच्या एका वकिलाचा मुलगा, जन्म १७८३ चा. भाऊ हार्वर्डला शिकले, याने शाळा लवकर सोडली आणि व्यापाराचे खूळ घेतले. न्यू इंग्लंडमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. घरोघरी तो बर्फ कापून तळघरात भुशात, गवतात ठेवत आणि उन्हाळ्यात वापरत. जी वस्तू इथे फुकट पडली आहे, तिला उष्ण मुलखात सोन्याचे मोल येईल, असे ट्यूडरच्या मनाने घेतले. १८०६ च्या फेब्रुवारीत त्याने ‘फेव्हरिट’ नावाच्या जहाजातून वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर पहिला बर्फ पाठवला. बोस्टनचा कोणी जहाजमालक असला माल घ्यायला राजी नव्हता, म्हणून त्याला जहाजच विकत घ्यावे लागले. बर्फ पोहोचला, पण बेटावर तो ठेवायला जागाच नव्हती. लोक जहाजावर येऊन तुकडे घेऊन जात आणि घरी पोहोचेपर्यंत हातात पाणी उरे. ट्यूडरचे काही हजार डॉलर बुडाले. पुढची कित्येक वर्षे कर्ज, युद्धामुळे बंद पडलेली बंदरे आणि कर्जापायी तुरुंग, असे सगळे त्याच्या वाट्याला आले.

या माणसाचे मोठेपण मला त्याच्या चिकाटीपेक्षा त्याच्या मोजमापात दिसते. क्यूबात हवाना इथे त्याने बर्फाचे कोठार बांधले तेव्हा तो स्वतः तिथे राहून तासाला किती बर्फ पाणी होऊन जातो ते मोजत असे. दार किती वेळा उघडले, वरून काय पांघरले, भिंतीत काय भरले, यांनी आकडा कसा बदलतो ते टिपत असे. गवत, कोळसा, लाकडाच्या ढलप्या, चामडे कमावून उरलेला सालीचा चोथा, घोंगड्या, सगळे वापरून पाहिले. शेवटी लाकडाचा भुसा सर्वांत सरस ठरला. मेन प्रांतातल्या लाकूडगिरण्यांना तो भुसा कुठे टाकायचा हीच अडचण होती. नदीत ढकलून देत. ट्यूडरने तो उचलला. भुशाच्या कणाकणांमध्ये अडकलेली हवा उष्णतेला पुढे सरकू देत नाही. मात्र भुसा कोरडा हवा. वितळलेल्या पाण्याने तो भिजला की त्याचा गुण गेला. म्हणून जहाजाच्या तळाशी पाणी निथळायला जागा ठेवायची, पंपाने ते सतत उपसायचे आणि झाकणे वाटेत उघडायची नाहीत, हे नियम झाले.

दुसरी गोष्ट आकारमानाची. बर्फ वितळतो तो पृष्ठभागावरून. लहान तुकड्याला त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार असतो, प्रचंड ढिगाला कमी. तेव्हा माल जितका जास्त तितकी घट प्रमाणात कमी. पण ढीग एकसंध व्हायचा तर तुकडे एकमेकांना घट्ट बसले पाहिजेत, आणि कुऱ्हाडीने फोडलेले वेडेवाकडे तुकडे तसे बसत नाहीत. हे कोडे १८२५ च्या सुमारास नॅथानिएल वायथ याने सोडवले. बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या फ्रेश पाँड नावाच्या तळ्याकाठी त्याचे घराणे होते. त्याने घोड्याने ओढायचा नांगर बनवला. तळ्यावरचे हिम आधी खरवडून काढायचे, मग हा नांगर गोठलेल्या पाण्यावरून आडवा-उभा फिरवायचा. त्याच्या दात्यांनी सरळ, सारख्या अंतरावर खोल चरे पडत. पुढे माणसे लोखंडी पहारी घालून त्या चऱ्यांवर चौकोनी लाद्या मोकळ्या करत, पाण्याच्या मोकळ्या वाटेने काठीने ढकलत काठावर आणत आणि कोठारात रचत. सारख्या लाद्या अंगाला अंग लावून बसत, मध्ये हवा राहत नसे, आणि रचल्यावर आपसात गोठून एकच भिंत होई. कापणीचा खर्च झपाट्याने उतरला. पुढे १८४१ मध्ये तळ्यापासून चार्ल्सटाउनच्या धक्क्यापर्यंत बर्फासाठी रेल्वेचा फाटाही निघाला.

हिंदुस्थानपर्यंतचे भाडे परवडण्याचे कारण मात्र वेगळेच होते. बोस्टनहून इकडे येणाऱ्या जहाजांना परतताना नीळ, कातडी, ताग असा माल भरपूर मिळे, पण येताना आणायला फारसे काही नसे. रिकामे जहाज समुद्रात डोलते, म्हणून त्यात दगड भरून आणत. दगडांच्या जागी बर्फ न्यायला जहाजवाले थोडक्या भाड्यात तयार झाले. सॅम्युएल ऑस्टिन आणि विल्यम रॉजर्स यांना भागीदार करून ट्यूडरने ‘टस्कनी’ पाठवले, ते या हिशेबावर. कॉफीच्या सट्ट्यात त्याच सुमाराला तो दोन लाख डॉलरांहून अधिक रकमेला बुडाला होता. ते कर्ज फेडण्यात कोलकात्याच्या बर्फाचा मोठा हात आहे.

कोलकात्याने जहाजाचे स्वागत मनापासून केले. सरकारने बर्फावरची जकात माफ केली आणि उन्हाचा ताप टळावा म्हणून माल रात्री उतरवायची परवानगी दिली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी रॉजर्स यांना चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला पेला भेट दिला. वर्गणी जमवून बर्फाचे कोठार बांधले गेले. या प्रसंगाच्या इंग्रजी वर्णनांत इथल्या लोकांबद्दल काही गमतीदार किस्से हटकून येतात. कोणी बर्फाला हात लावून भाजले म्हणून ओरडला, कोणी विचारले की अमेरिकेत हा झाडाला लागतो का. हे किस्से वाचून मला राग येतो. ज्या हुगळीच्या काठी ते लिहिले गेले, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या स्वतः बर्फ तयार करत होते, आणि त्या कामात जी सूक्ष्म समज होती तिच्यावर युरोपातले विद्वान चाळीस वर्षे वाद घालत होते.

सर रॉबर्ट बार्कर या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले आहे. अलाहाबादपासून कोलकात्यापर्यंतच्या मुलखात डिसेंबर ते फेब्रुवारी हे काम चाले. मोकळ्या सपाट जागी तीसेक फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेत. त्यात वाळलेला ऊस किंवा मक्याची ताटे वीतभर ते फूटभर जाड अंथरत. त्यावर उथळ, बिनझिलईच्या मातीच्या परळांच्या रांगा लावत. परळ पाव इंच जाडीचा आणि सव्वा इंच खोल. संध्याकाळी उकळून निववलेले पाणी त्यांत ओतत आणि पहाटे सूर्य उगवायच्या आत परळांत धरलेला बर्फ गोळा करत. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या खाली गेलेले नसताना हा बर्फ धरे. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की पीक चांगले, ढग आले की रात्र वाया. गोळा केलेला बर्फ चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात गवत आणि जाड घोंगड्यांचे अस्तर लावून चोपून चोपून भरत, म्हणजे त्याचा एकजीव गोळा होऊन तो उन्हाळ्यापर्यंत टिके.

पाणी गोठते कसे, यावर बार्कर यांच्यानंतर बराच खल झाला. सच्छिद्र परळातून पाणी झिरपून उडते म्हणून, असे पुष्कळांना वाटले. १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात उत्तर दिले की, मुख्य कारण ते नव्हे. निरभ्र रात्री पाणी आपली उष्णता थेट आकाशाकडे उत्सर्जित करते, आणि खालची कोरडी ताटे जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. तळाला ताटे का अंथरायची, ती ओली झाली तर चालत का नाहीत, मोकळे आभाळ का लागते, हे परळ मांडणाऱ्या मजुरांना हाताने ठाऊक होते. ट्यूडरचा स्फटिकासारखा स्वच्छ बर्फ आला आणि हुगळीच्या ठिसूळ, गढूळ बर्फाचा धंदा बसला. त्या मजुरांपैकी एकाचेही नाव इतिहासात नाही.

मुंबईला तर हाही मार्ग नव्हता. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तळ्याच्या परिसरात पहाटे दव गोठते, पण मुंबईत रात्र कधी तेवढी थंड होत नाही. पाणी गार करायचे ते माठाने, सुरईने, ओल्या फडक्याने किंवा सोऱ्याने. सोऱ्याची युक्ती ‘आईन-इ-अकबरी’त सविस्तर दिली आहे. पाण्यात सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याचा बंद चंबू फिरवत राहायचा. ज्या सोऱ्याने बंदुकीची दारू पेटते त्यानेच पाणी गार होते, याचे त्या ग्रंथाचा कर्ता अबुल फजल याला फार कौतुक. हे काम पाहणारा तो आबदार. कंपनीच्या काळात साहेबांच्या घरीही सोरा घेऊन बसलेला आबदार असे.

मुंबईत अमेरिकेचा बर्फ आला तो १८३४ मध्ये, जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीमार्फत. आणि लगेच जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानी देऊन पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले. जमशेटजींचा जन्मही १७८३ चा, म्हणजे ट्यूडर आणि ते एकाच वयाचे. दोघांनीही समुद्रावर दैव आजमावले. जमशेटजींची संपत्ती चीनशी चाललेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आली आणि तिच्यातूनच पुढे मुंबईची रुग्णालये, शाळा, पाण्याच्या सोयी उभ्या राहिल्या. त्या मेजवानीनंतर यजमान आणि पाहुणे दोघेही सर्दीने आजारी पडल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने खेदपूर्वक दिली, अशी हकिकत जुन्या मुंबईच्या वर्णनांत सांगितली जाते.

पण मला त्या मेजवानीच्या स्वयंपाकघरात डोकवावेसे वाटते. दांडा फिरवून आइस्क्रीम करायचा पॉट अमेरिकेत १८४३ मध्ये आला. तेव्हा १८३४ च्या आचाऱ्याला दुधाचे बंद भांडे बर्फ-मिठात हाताने गोल फिरवावे लागले असणार, आणि मधूनमधून झाकण काढून कडेला धरलेला थर खरवडून आत ढकलावा लागला असणार. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर लाकडी पॉटमध्ये आंब्याचे आइस्क्रीम ज्यांनी केले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. फोडलेल्या बर्फावर जाडे मीठ पडते आणि बर्फ भराभरा वितळू लागतो, तरी बादली गरम होण्याऐवजी उलट अधिकच गार होते. बाहेरून तिच्यावर बाष्प धरते, हात बधिर होतो. कारण मिठामुळे बर्फाला शून्याच्या कितीतरी खाली असतानाही वितळावे लागते, आणि वितळायचे तर किलोमागे त्या ८० किलोकॅलरीची सोय त्याला कुठूनतरी करावी लागते. त्या तो मधल्या भांड्यातल्या दुधातून काढून घेतो. दूध गोठते ते बर्फ थंड असतो एवढ्यानेच नव्हे. बर्फ आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत असतो, म्हणून ते गोठते. ब्लॅक यांचे हरवलेले १३९ अंश त्या रात्री जमशेटजींच्या स्वयंपाकघरात कामाला लागले होते.

मुंबईतही मग वर्गणीतून घुमटाचे आइस हाउस झाले. लायन गेटसमोर, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, जिथे आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे तिथे ते होते. जहाज वेळेवर आले नाही तर शहरात बर्फाची टंचाई पडे, आणि शिल्लक साठा आधी तापाच्या रोग्यांना द्यावा लागे. ती खरी गरज होती. कडक तापात कपाळावर ठेवायला बर्फ मिळणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने आइस्क्रीमपेक्षा फार मोठी गोष्ट होती. पण हा बर्फ गोऱ्या अंमलदारांच्या आणि मूठभर श्रीमंतांच्या घरापलीकडे फारसा गेला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

धंद्याचा कळस १८५० च्या दशकात झाला. १८५६ मध्ये एकट्या बोस्टनमधून सुमारे १ लाख ४६ हजार टन बर्फ जगभर गेला. त्याआधी, १८४६-४७ च्या हिवाळ्यात, ट्यूडरची माणसे कॉन्कॉर्डजवळच्या वॉल्डन तळ्यावर बर्फ कापायला आली होती आणि तळ्याकाठच्या झोपडीत हेन्री डेव्हिड थोरो हा लेखक राहत होता. सकाळी भगवद्गीता वाचणाऱ्या या माणसाला मुंबई, मद्रास, कोलकात्याचे लोक आपल्या तळ्याचे पाणी पिणार आणि ते गंगेत मिसळणार ही कल्पना फार भावली. ‘वॉल्डन’मध्ये त्याने ती लिहिली आहे. त्याच पुस्तकात एक कोरडी नोंदही आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते. त्या हिवाळ्यात काठावर सुमारे दहा हजार टनांचा ढीग गवत आणि फळ्यांनी झाकून ठेवला होता. पुढच्या जुलैत त्याचे छत काढून थोडा बर्फ नेला, उरलेला उघड्या उन्हात तसाच सोडला. तो पुरता वितळायला सप्टेंबर १८४८ उजाडला.

हा सगळा व्यापार ज्या यंत्राने मोडला त्याचे बीज मात्र ब्लॅक यांच्याही आधीचे. ब्लॅक यांचे गुरू विल्यम कलन यांनी १७५० च्या दशकातच दाखवले होते की, निर्वात पात्रात ईथर उडू दिले तर शेजारचे पाणी गोठते. द्रवाची वाफ व्हायला लागणारी उष्णता वितळण्याच्या उष्णतेपेक्षा मोठी. पाण्याच्या बाबतीत एका किलोला ५४० किलोकॅलरी. आपल्या माठाचे सगळे रहस्य हेच. माठाच्या अंगावरून १०० ग्रॅम पाणी उडाले तर आतल्या दहा लिटर पाण्याचे तापमान पाचेक अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता ते घेऊन जाते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जोरात चालते, मुंबईच्या दमट हवेत रडतखडत. कलन यांच्या प्रयोगात उडालेले ईथर गेले ते गेले. ते परत पकडून, दाबून, द्रव करून पुन्हा उडवायचे, असे चक्र जेकब पर्किन्स यांनी मांडले. हेही मूळचे मॅसॅच्युसेट्सचेच, पण लंडनमध्ये स्थायिक झालेले. त्यांच्या पेटंटचे साल १८३४, म्हणजे मुंबईत पहिला बर्फ उतरला तेच. यंत्र सुधारून बाजारात उतरायला आणखी काही दशके गेली. ट्यूडर १८६४ मध्ये वारला, तोवर त्याचा धंदा शाबूत होता. कोलकात्यात १८७८ मध्ये बेंगॉल आइस कंपनी निघाली, बर्फ शहरातच तयार होऊ लागला आणि बोस्टनची जहाजे थांबली.

कोलकात्याचे आइस हाउस १८८२ मध्ये पाडले. मुंबईचेही गेले. मद्रासचे तेवढे राहिले. मरीना किनाऱ्यावरची ती गोल इमारत बिलिगिरी अय्यंगार यांनी विकत घेऊन राहते घर केली, १८९७ मध्ये परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे उतरले आणि आज ती विवेकानंदर इल्लम म्हणून उभी आहे.

बर्फाचा व्यापार संपला, पण त्याचे माप आपल्या घरात राहिले आहे. दुकानात आपण एक टनाचा, दीड टनाचा एसी मागतो, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. २००० पौंडांचा अमेरिकी टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढणारे यंत्र म्हणजे एक टनाचे यंत्र. ‘टस्कनी’तून कोलकात्याला पोहोचलेल्या १०० टन बर्फाने जेवढा थंडावा दिला, तेवढा दीड टनाचा एक एसी अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालला तर सुमारे अडीच महिन्यांत देतो.